सहा महिन्यांचा शिक्का

एडिसन, न्यू जर्सी
२० फेब्रुवारी २००७

सीमे,

फोनवर तू "हो, छान आहे, मजेत आहे" एवढंच बोलतेस, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि माझाही. इमेल करावा तर तुझा लेकाच्या, राजसच्या कम्प्युटरवर उघडतो आणि माझा लेकीच्या, अस्मिताच्या. म्हणून हे पत्र. अमरावतीच्या शाळेत एकोणतीस वर्षं आपण मुलींच्या चिठ्ठ्या पकडल्या, आता म्हातारपणी स्वतः लिहायची वेळ आली आहे. लेकीच्या पत्त्यावर माझ्या नावाने टपाल येतं याचंच इथे सगळ्यांना नवल वाटतं, पण फोडून कुणी वाचत नाही.

मुद्द्याचं बोलते. सातवीच्या इतिहासात प्राचीन संस्कृतींचा धडा होता, त्यात एक धुरकट चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'माया संस्कृतीचे मंदिर, तिकाल'. मी तो धडा दर वर्षी शिकवला आणि दर वर्षी एखादी तरी विचारायचीच, "बाई, तुम्ही पाहिलंय?" मी म्हणायची, "धड्यात लक्ष दे." काल इथल्या लायब्ररीत नकाशा काढून बसले. ग्वाटेमालात पेतेन इत्सा नावाचं तळं आहे, तळ्यात एक बेट आहे, बेटावर फ्लोरेस नावाचं गाव आहे. बेट संपलं की गाव संपलं, एवढंच. तिथून तिकाल सव्वा तासावर. तू सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचंस, मी नेवार्कहून, आणि ग्वाटेमाला सिटीत भेटायचं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, पाच दिवस. नातवंडं तेवढे दिवस आपापल्या आईबापांकडे राहतील, ती त्यांचीच आहेत.

शाळेच्या सहलीत तू एस.टी.ची खिडकी धरून बसायचीस, भूगोलाच्या बाईंना बाहेर बघावं लागतं म्हणून. या वेळी खिडकी माझी.

तुझी
प्रतिमा


सांता क्लारा
६ मार्च २००७

प्रतिमे,

तुझं पत्र सावनीच्या बाबागाडीच्या पिशवीत, डायपरच्या गठ्ठ्याखाली ठेवून बागेत नेलं आणि तिथे वाचलं. तिथेच ते मार्तालाही दाखवलं.

मार्ता कोण ते सांगते. आमच्या बागेत सकाळी दहाला दोन पंगती बसतात. एका बाकावर आमच्यासारख्या आज्या, साडी, स्वेटर आणि खाली सुनेचे जुने स्पोर्टशूज. दुसऱ्या बाकावर मुलं सांभाळायला कामावर ठेवलेल्या बाया. सावनी एकदा त्या बाकाकडे रांगत गेली, तेव्हापासून माझी बसायची जागा बदलली. मार्ता ग्वाटेमालाची आहे आणि ऐक, फ्लोरेसचीच आहे! तिची बहीण लुसी त्या बेटावर पाहुण्यांना खोल्या देते. तुझ्या पत्रात इंग्रजीत लिहिलेलं गावाचं नाव वाचून तिने माझा हात इतका जोरात धरला की सावनी रडायला लागली.

ती पाच वाजता घरी जाते आणि रविवारी तिला सुट्टी असते. मला एकदा विचारलं होतं तिने, "तुझी सुट्टी कधी?" मी सांगितलं की मी आजी आहे. तिला ते उत्तर वाटलं नाही.

जायची इच्छा आहे. पण राजसला विचारायचं कसं? तसं त्याने मला आजवर कशाला नाही म्हटलेलं नाही, कारण मी काही मागितलेलंच नाही. माझी इथली मुदत अठरा मेला संपते. सोळा मेचं परतीचं तिकीट आहे आणि जूनमध्ये माझा संध्याकाळचा वर्ग सुरू होतो. या वर्षी नऊ बायका आहेत. आपल्या शाळेतली सेविका उत्तरा, आठवते ना? बेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसली, गणित आणि भूगोल राहिला. ऑक्टोबरात पुन्हा बसणार आहे. तिने कार्ड पाठवलंय, "बाई, जूनमध्ये येताय ना?" मी 'येते' असं लिहून मोकळी झाले. आता मधेच हे सहलीचं काढलं तर राजस म्हणेल, आधी तिकडे जाणार, मग लगेच घरी जाणार, मग आमच्याकडे आलीस कशाला?

तुझी
सीमा


एडिसन
१४ मार्च २००७

सीमे,

विचारायचं नाही. सांगायचं. "राजस, मी एप्रिलमध्ये ग्वाटेमालाला जाते आहे." एवढं वाक्य आरशासमोर पाच वेळा म्हण आणि सहाव्यांदा त्याच्यासमोर. आपण मुलींना वक्तृत्वाला असंच तयार करायचो.

आणि सोळा मेच्या तिकिटाला हात लावू देऊ नकोस. सहा महिने लेक, सहा महिने सून, मधे जावयाची आई येऊन जाते, आणि आपण कुणाच्या पाळीत बसतो ते कॅलेंडरवर दुसऱ्याच्याच हाताने लिहिलेलं असतं. तू तुझ्या नऊ बायकांकडे वेळेवर जा. मी पण जाणार आहेच.

मार्ताच्या बहिणीकडे खोली ठरव. ग्वाटेमालाच्या व्हिसाचा फॉर्म सोबत जोडलाय. सगळे रकाने भर आणि सही करण्याआधी वाच.

प्रतिमा


सांता क्लारा
२७ मार्च २००७

प्रतिमे,

सांगितलं! पोळ्या लाटता लाटता सांगितलं, कारण हात रिकामे असते तर मी माघार घेतली असती. राजस लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "ग्वाटेमाला? आई, सीरियसली? वेट, वेट." मग रुचाकडे बघितलं आणि एकदम हसायलाच लागला. "अगं जा ना, बिनधास्त जा! यू डिझर्व्ह अ ब्रेक. तिकीट मी बुक करतो. व्हिसाचं पण मीच बघतो."

मला वाटलं होतं तासभर समजूत काढावी लागेल. लगेच माझा पासपोर्ट मागून घेतला, त्यातली ती पांढरी चिठ्ठी असते ना, इथे कधीपर्यंत राहायचं ते लिहिलेली, ती नीट वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं, म्हणाला, "परफेक्ट टायमिंग आहे, आई." किती लक्ष घालतो गं. मी उगाच चार महिने मनात कुढत होते. रुचा मात्र धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवत राहिली. तिला पाच दिवस रजा काढावी लागेल, त्याचं टेन्शन असेल.

तर तिकीट झालं. एकवीस एप्रिल. मार्ताने आईसाठी एक पुडकं दिलंय. नऊ वर्षांत ती घरी गेलेली नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, गेले तर परत येता येणार नाही, आणि परत आले नाही तर तिकडची सगळी उपाशी. पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

मी फार आनंदात आहे. भेटल्यावर बोलू. खिडकीचं भांडण विमानात.

सीमा


एडिसन
१३ एप्रिल २००७

सीमे,

वाईट बातमी, पण तुझ्यासाठी नाही. माझा पाय मुरगळला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, धुतलेल्या कपड्यांची टोपली हातात, उजवा घोटा, सूज चांगली लिंबाएवढी. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे चालायचं नाही. तेव्हा मी येत नाही.

तू जायचंस. एकटी. हे मी विचारत नाही, सांगते आहे. बत्तीस मुली घेऊन लोणारच्या विवरात उतरलेली बाई आहेस तू, आणि सगळ्या बत्तीस वर आणल्या होत्यास. चित्र मी दाखवलंय, तू बघून ये.

प्रतिमा


फ्लोरेस, पेतेन
२४ एप्रिल २००७

प्रतिमे,

आले. एकटी आले. ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळावर दोन तास तुझ्या घोट्यावर चिडून बसले होते. मग पुढच्या छोट्या विमानात खिडकी मिळाली आणि विसरले.

आधी गाव सांगते, म्हणजे तुला नकाशाशेजारी ठेवून वाचता येईल. तळं पूर्व-पश्चिम लांबच लांब आहे आणि त्याच्या दक्षिण काठाशी हे इवलंसं बेट. काठापासून बेटापर्यंत भराव घालून रस्ता केलाय. परवा संध्याकाळी घड्याळ लावून बेटाला प्रदक्षिणा घातली. बावीस मिनिटं, तीही दोनदा थांबून. मधे चढण, वर चौक आणि पांढरं चर्च. घरं निळी, पिवळी, गुलाबी, त्यांच्यावर गंजकी पत्र्याची छपरं. गल्ल्या पाण्याकडे उतरतात, आणि खालच्या रस्त्याचा एक तुकडा चक्क पाण्यात आहे. लुसी म्हणते, तळं काही वर्षं चढतं, काही वर्षं उतरतं. या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही, प्रतिमा! आपल्या लोणारसारखंच. फक्त इथलं पाणी गोडं आहे आणि लोक त्यात पोहतात. मी घोट्यापर्यंत गेले. स्पॅनिश लोकांनी हे बेट अगदी शेवटी, १६९७ साली घेतलं. तू असतीस तर तेव्हा आपल्याकडे कोण कुठे होतं ते लगेच सांगितलं असतंस.

काल सकाळी सहाच्या गाडीने तिकालला गेले. जंगलात शिरलो आणि डरकाळी ऐकू आली. मेळघाटाची सवय, मी जागेवरच थांबले. गाइड म्हणाला, माकडं आहेत. एवढा आवाज करणारं माकड मी तरी पाहिलेलं नव्हतं. मग एक भलंमोठं झाड दाखवलं, त्यांचं पवित्र झाड, सेइबा. मी बघितलं तर आपली सावर! तसेच खोडावर काटे, तशाच आडव्या फांद्या. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे हिच्या कापसाच्या उशा करतात. तिकालला नदी नाही, विहीर नाही. पावसाचं पाणी तळी बांधून साठवायचे आणि त्यावर हजारो माणसं जगायची. उत्तराला हा धडा मी आता चांगला तासभर शिकवीन.

आणि ते देऊळ. चौकात शिरल्यावर डावीकडे बघ म्हणाले, बघितलं, तर समोर तुझं चित्र. दोन रंगांत छापलेलं नाही, धुरकट नाही. चित्रात कोपऱ्यात एक काळा डाग होता, मुली त्याला म्हातारी म्हणायच्या. ते झाड आहे, अजून तिथेच आहे. त्या देवळावर चढू देत नाहीत. पण मागे एक त्याहून उंच आहे, त्याला लाकडी जिना लावलाय. त्रेसष्टाव्या वर्षी या गुडघ्यांनी चढले. चार वेळा बसले, एक जर्मन बाई पाणी देत होती. वर पोचले तर क्षितिजापर्यंत नुसतं जंगल, आणि त्यातून वर आलेली तीन देवळांची डोकी. तिथे उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "हो, पाहिलंय." त्या जर्मन बाईला वाटलं मी देवाचं काहीतरी म्हणतेय. मी त्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या मुलींना उत्तर देत होते.

आता जे सांगायचं आहे ते. संध्याकाळी मार्ताच्या आईकडे पुडकं घेऊन गेले. एल्विराबाई, ऐंशीच्या आसपास, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. मका शिजत होता आणि घरभर चुन्याचा वास. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात आणि त्याच्या लहान लहान भाकऱ्या. मला त्यांनी हातावर थापायला लावल्या. माझी पहिली बघून मायलेकी खो खो हसल्या, दुसरी बघून गप्प बसल्या. भाकरीला हात बसलेला आहे माझा, त्यांना कुठे माहीत.

पुडक्यात एक निळा स्वेटर होता. इथे एप्रिलमध्ये अकोल्यासारखं ऊन आहे. एल्विराबाईंनी तो तिथेच अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तसाच घालून बसल्या. मग लुसीला मधे घालून मला विचारलं, तूही तिकडे मूल सांभाळतेस ना? हो म्हटलं. मग तुला त्यांनी सोडलं कसं? मी म्हटलं, माझ्याकडे कागद आहेत. त्या म्हणाल्या, दाखव. ज्याच्यामुळे जाता येतं आणि परतही येता येतं तो कागद त्यांना बघायचा होता.

मी पासपोर्ट उघडला आणि त्यातून एक घडी केलेला कागद पडला. राजसने निघताना आत ठेवला होता, मला वाटलं हॉटेलचा असेल. लुसीने उचलला आणि आधी इंग्रजीत, मग आईला समजावं म्हणून स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाचला. विमानतळावर ऑफिसरने विचारलं तर काय सांगायचं, ते टाइप केलेलं होतं. का आलात? मुलाला भेटायला. किती दिवस राहणार? सहा महिने. शेवटी ठळक अक्षरांत, डोन्ट से बेबीसिटिंग.

लुसी म्हणाली, "सिक्स मंथ्स मोअर! सो लकी!" मला तेव्हा सगळं दिसलं. ते हसणं, ते बोटांवर मोजणं, ते परफेक्ट टायमिंग. मी देशाबाहेर जाऊन परत आले की मुदत नव्याने सुरू होते. सप्टेंबरपर्यंत डे-केअरला जागा नाही हे मी त्यांच्या बोलण्यात ऐकलं होतं, पण त्याचा माझ्या सहलीशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. माझं पोरगं माझ्यावर खूश होतं म्हणून मी खूश होते. मी त्या परक्या घरात, मक्याच्या पिठाच्या हातांनी रडले, प्रतिमा. राग होता की लाज होती, माहीत नाही.

एल्विराबाईंनी कारण विचारलं नाही. पासपोर्ट हातात घेतला, शिक्क्यांवरून बोट फिरवलं, मग लुसीला काहीतरी विचारलं. लुसी म्हणाली, "आई विचारते, हे असलं की तू तुझ्या घरी जाऊ शकतेस?" हो. "मग कधी जाणार?"

स्वेटर घातलेली ती बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या पोरीला जे शक्य नाही ते मला शक्य आहे, आणि मी ते करत नाहीये.

खोलीशेजारचं एक वयस्कर जोडपं उद्या फिलाडेल्फियाला परत जातंय. ते हे पत्र तिकडून टाकतील. एकच विचारते. तू वर्षभर तिकडे आहेस, हे कागद तुला माझ्याहून जास्त कळतात. तुला हे माहीत होतं का? खरं सांग.

सीमा


एडिसन
२९ एप्रिल २००७

सीमे,

माहीत होतं.

राजसने पांढरी चिठ्ठी बघून बोटांवर मोजलं हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हाच कळलं. लिहिलं असतं तर तू गेली नसतीस. तू गेली नसतीस तर मला ते देऊळ कुणाकडून कळलं असतं? हा माझा स्वार्थ. रागाव, मी ऐकून घेईन.

आता दुसरं. माझा पाय मुरगळलेला नाही. घोटा ठणठणीत आहे, लिंबाएवढी सूज मी लिहिता लिहिता तयार केली. झालं असं. माझी पहिली मुदत ऑक्टोबरात संपली, तेव्हा अस्मिताने फॉर्म भरून ती एप्रिलपर्यंत वाढवून घेतली. मार्चमध्ये तिने दुसरा फॉर्म समोर ठेवला, "आई, इथे साइन कर." तिचे जुळे दोघं एकाच वेळी रडत होते. मी सही केली. न वाचता. मुलींना प्रगतिपुस्तकावर पालकांची सही वाचून घ्यायला सांगणारी मी, आणि तुला आठ दिवस आधी तेच लिहून पाठवणारी मी.

तुला आरशासमोर उभं केलं आणि मी स्वतः दहा एप्रिलपर्यंत अस्मिताला सहलीचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा जावई, सत्यजित, हळूच म्हणाला, "आई, अर्ज पेंडिंग असताना बाहेर गेलात तर अर्ज कॅन्सल होतो. परत येताना प्रॉब्लेम होईल." म्हणजे सप्टेंबरपर्यंत इथेच. अस्मिता म्हणाली, "आई प्लीज, थोडंच राहिलंय." मी "बरं" म्हटलं. तुझ्याशी मोठमोठं बोलणारी प्रतिमा "बरं" म्हणाली, आणि तुला ते सांगायची लाज वाटली म्हणून घोटा मुरगळला. अमरावतीचं घर वर्षभर बंद आहे. शेजारच्या सुनेत्राने कळवलंय की पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली. एकोणतीस वर्षांच्या टिपणांच्या वह्या त्यात आहेत.

१६९७ साली राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. वर्षाच्या शेवटी बाहेर निसटले. एवढं मला येतं.

तू माझ्यासारखं करू नकोस.

प्रतिमा


सांता क्लारा
४ मे २००७

प्रतिमे,

तुझ्यावर रागवायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते राहू दे. लिंबाएवढी सूज वाचून मात्र बागेत एकटीच हसले. आता ऐक.

परतीच्या विमानात नवी पांढरी चिठ्ठी भरली. रांगेत माझा नंबर आला. ऑफिसर तरुण, गोल चेहऱ्याचा. "हाऊ लाँग आर यू स्टेइंग, मॅम?" राजसचा कागद पर्समध्येच होता. मी म्हटलं, "थ्री वीक्स. देन आय गो होम. आय अ‍ॅम अ टीचर, माय स्टुडंट्स आर वेटिंग." वाक्य न अडखळता पुरं झालं. तो म्हणाला, "व्हॉट डू यू टीच?" "जिऑग्रफी." त्याने मान डोलावली, शिक्का मारला, तारीख लिहिली. मी बघितलं तर ऑक्टोबर! म्हटलं, "आय सेड थ्री वीक्स." तो म्हणाला, "एव्हरीबडी गेट्स सिक्स मंथ्स, मॅम. टेक युअर टाइम."

बाहेर राजस उभा होता. मिठी मारली, आणि पार्किंगमध्येच म्हणाला, "बघू, बघू, किती दिला?" चिठ्ठी बघून, "ऑक्टोबर! येस! आई, यू आर अ रॉकस्टार." मी गाडीत बसले, पट्टा लावला आणि सांगितलं, "राजस, मी सोळा मेला जाते आहे."

"अगं पण मिळालेत ना सहा महिने?"

"मिळालेत. मला नको आहेत."

"आई, सावनीचं काय? सप्टेंबरशिवाय स्लॉट नाहीये यार. तुला माहितेय."

"मला माहीत होतं का? तू मला विचारलं असतंस, आई, सप्टेंबरपर्यंत राहशील का, तर कदाचित मी उत्तराला माफ कर म्हणून लिहिलं असतं. तू विचारलं नाहीस. तू कागद ठेवलास." आणि तो कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो घडी करून खिशात घातला आणि गाडी सुरू केली. मला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण माझं चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. सोळा मेचं तिकीट त्याने अजून हलवलेलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने धरते. जेवताना रुचा म्हणाली, "आई, मला माहीत होतं. मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. सॉरी." त्या बाटल्या मला आठवल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दोन दिवस राजस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी सावनीला कडेवर घेऊन आला आणि म्हणाला, "मी तुला ग्रँटेड धरलं, आई." इंग्रजी शब्द मधे टाकला तरी मला पोचलं.

मार्ता सांभाळते तो मुलगा पंधरा मेपासून प्री-स्कूलला जाणार आहे. तिला काम हवंच होतं. रुचा तिला भेटली, ठरलं. मी रुचाला एवढंच सांगितलं की पाच म्हणजे पाच, आणि रविवारी सुट्टी. मार्ताला मी तिच्या आईचा फोटो दिला, स्वेटर घातलेला. तिने खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "स्वेटर मोठा झाला. आई बारीक झाली." मग माझ्या पदराचं टोक धरून शेजारी बसून राहिली. सावनी आमच्या दोघींच्या पायांत खेळत होती.

आता तुझं. काल राजस स्वतः तासभर एअरलाइनच्या फोनवर होता. माझं तिकीट त्याने नेवार्कवरून करून दिलं. सोळाला तुझ्या दारात येते, अठराला तिथून मुंबई. माझ्या शेजारची सीट त्याने बारा तारखेपर्यंत धरून ठेवली आहे, तुझ्या नावाने. मी सांगितलं नव्हतं, त्यानेच विचारलं, "प्रतिमा मावशी येणार आहे का?" विचारलं हं त्याने.

पाय बरा असेल तर कळव.

सीमा


एडिसन
९ मे २००७

सीमे,

पाय बरा आहे.

काल सकाळी पाच वेळा आरशासमोर म्हटलं. सहाव्यांदा नाश्त्याला, अस्मिता आणि सत्यजित दोघं समोर असताना. अस्मिता म्हणाली, "पण आई, तो अर्ज?" मी म्हटलं, तो मी परवा वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. अर्जदार देश सोडून गेला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तसंच धरा. ती रडली, मग मी रडले, मग जुळे रडले, आणि सत्यजितने सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला. त्याच्या आईला फोन झालाय, ती पाळी अलीकडे घेते आहे. तिला विचारून, बरं का. मी स्वतः फोनवर होते.

उत्तराला कार्ड टाक. म्हणावं, जूनमध्ये भूगोलाच्या बाई येताहेत, आणि इतिहासाच्याही. वाळवीने काही वह्या ठेवल्या असतील तर त्यातून शिकवीन, नाहीतर तू पाहिलेलं सांगशील त्यातून.

राजसला म्हणावं, सीट पक्की कर. आणि त्याला नीट बजाव, फ्लोरेसच्या विमानात तुला मिळाली होती, तेव्हा या वेळी खिडकी माझी.

प्रतिमा